एकवीसचं भिंग

आमच्या मोठ्या बाईंना कुणी "फोटो काढा" म्हटलं की त्या आधी मागं वळून बघायच्या. पाठीमागं जागा किती आहे, ते. मोकळं मैदान असलं तर त्यांचा उत्साह जायचा. पाठ भिंतीला टेकत असली, की चेहरा खुलायचा. "हां, आता मजा हाय," म्हणायच्या आणि पिशवीतून डबा काढायच्या.

चाकूरच्या मुलींच्या शाळेत त्या मुख्याध्यापिका होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली मराठी शिकवत होते. माझं माहेर नांदेडचं, सासर लातूरचं, रोज एस.टी.नं येणं-जाणं. शाळेत आम्ही सगळ्या नुसत्या बाई आणि त्या मोठ्या बाई. अंगानं वाळक्या तुराटीसारख्या बारीक होत्या, पण प्रार्थनेला त्यांनी कधी माईक घेतला नाही. गरजच पडली नाही.

डबा म्हणजे जेवणाचा स्टीलचा डबा. एकावर एक पुडं, आणि प्रत्येक पुडात धोतराच्या मऊ फडक्यात गुंडाळलेलं एकेक भिंग. नवीन आलेल्या एका बाईंनी मधल्या सुट्टीत "आज काय आणलंय?" म्हणत झाकण उघडलं, तर आत काचेचा डोळा. मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या, "ते पस्तीसचं हाय. भाजी खालच्या पिशवीत."

भिंगांना त्या आकड्यानंच हाक मारायच्या. पन्नासचं, पस्तीसचं, अठ्ठावीसचं. आकडा जितका लहान, तितकं फोटोत जास्त मावायचं. सगळ्यात खालच्या पुडात एकवीसचं होतं. बाटलीच्या बुचासारखं बुटकं, पण हातात घेतलं की जड. ते त्या क्वचित काढायच्या. म्हणायच्या, "ह्यात अख्खी खोली मावते. पण जवळच्या माणसाचं ह्ये भूत करतं."

ही सगळी त्यांच्या वडिलांची इस्टेट. वडील सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसीयर. देवणी-उदगीर भागातल्या विहिरी आणि पूल तपासायचं काम. विहिरीच्या आतलं बांधकाम कागदावर दाखवायचं तर आत उतरून फोटो काढावा लागे, आणि विहिरीत उतरलेला माणूस मागं सरकणार कुठं? म्हणून हैदराबादहून बदलून गेलेल्या कुणा साहेबाकडून त्यांनी हा कॅमेरा आणि ही रुंद भिंगं मिळवली होती. मोठ्या बाई लहानपणी वडिलांबरोबर पायऱ्यांच्या विहिरींत उतरलेल्या. त्यांच्या तोंडी कायम असलेलं वाक्य तिथलंच: "मागं सरकायला जागा नसंल तर भिंग बदला." हे वाक्य त्या फोटोबद्दल क्वचित आणि बाकी सगळ्याबद्दल नेहमी वापरायच्या. वर्गखोल्या कमी पडल्या, शिपाई रजेवर गेला, परीक्षेच्या दिवशी वीज गेली, की हे वाक्य ठरलेलं.

कॅमेराही न्यारा होता. त्यात भिंगातून बघता यायचं नाही. बघायची खिडकी वेगळी, भिंग वेगळं. खिडकीत समोरच्या माणसाच्या दोन आकृत्या दिसायच्या, एक ठळक आणि एक पुसट. भिंग हळूहळू फिरवून त्या एकमेकींवर बसवायच्या. दोन्ही एक झाल्या की फोटो स्वच्छ येणार. आणि रुंद भिंग लावलं की कॅमेऱ्याच्या डोक्यावर आणखी एक इवलीशी खिडकी चढवावी लागे. त्यातून बघितलं की सगळं जग पेटीत ठेवल्यासारखं दिसायचं. शाळेतल्या प्रत्येक मुलीनं त्या खिडकीतून एकदा तरी बघितलेलं आहे. मोठ्या बाई स्वतः रांग लावून दाखवायच्या.

एकदा गणिताच्या आणि खेळाच्या बाईंची एका तासावरून जुंपली. दोघी तावातावानं ऑफिसात आल्या आणि एकदमच बोलू लागल्या. मोठ्या बाईंनी एक डोळा मिटला, दुसऱ्यानं दोघींकडं बघितलं आणि म्हणाल्या, "अजून दोन दिसून राहिल्यात. एक झाल्या की या." दोघी व्हरांड्यात उभ्या राहिल्या, आधी फुणफुणल्या, मग हसल्या, आणि आपसांतच मिटवून आल्या.

भिंगांना त्या जिवापाड जपायच्या. सुट्टीच्या दिवशी खोलीपुढच्या गच्चीवर सुपात फडकं अंथरून सगळी भिंगं उन्हाला ठेवायच्या, आणि शेजारी स्वतः पुस्तक घेऊन बसायच्या. एकदा मी विचारलं, "बाई, ह्यांना ऊन कशाला?" म्हणाल्या, "दमट हवेत काचेला बुरशी धरते. मुंबई-कोकणातल्या लोकांची भिंगं फुकट गेली. आपल्याकडं पाऊसच न्हाई तर बुरशी येणार कुठून? दुष्काळानं आपल्याला एवढं एक दिलं बघा." लग्न त्यांनी केलं नव्हतं. गळ्यात काही नाही, हातात साधं घड्याळ. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही बायका हैदराबादला साड्यांसाठी गेलो की त्या कॅमेऱ्याचं सामान शोधायला जुन्या बाजारात घुसायच्या आणि संध्याकाळी धुळीनं माखलेल्या, पण कपाळावर आठी नाही अशा परत यायच्या.

आमची शाळा भाड्याच्या इमारतीत होती. पुढचं अंगण इतकं अरुंद, की बैलगाडी वळली नसती. दरवर्षी दहावीचा फोटो काढायला पूर्वी लातूरहून फोटोग्राफर यायचा आणि जागा पुरत नाही म्हणून वर्गाचे दोन तुकडे करायचा. मोठ्या बाई आल्या त्या वर्षी त्यांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. म्हणाल्या, "वर्ग एक हाय. फोटो बी एकच निघंल. कुणी कापलं जायचं न्हाई." आणि अठ्ठावीसचं लावलं.

पण रुंद भिंगाची एक खोड असते. मधली माणसं नीट येतात. कडेची माणसं ताणली जातात. बारीक माणूस जाड होतो, जाड माणसाचा विचारूच नका. पहिल्या वर्षी कडेला उभ्या राहिलेल्या दोन पोरी फोटो बघून रडल्या. दुसऱ्या वर्षापासून मोठ्या बाईंनी कायदा केला: डाव्या कडेला त्या स्वतः, उजव्या कडेला मी. "तुम्हाला बी सोसंल," असं मला म्हणाल्या. त्यामुळं त्या सगळ्या फोटोंत आम्ही दोघी भरलेल्या पोत्यांसारख्या दिसतो. माझ्या आईनं नांदेडला एक फोटो बघितला आणि समाधानानं म्हणाली, "लातूरचं पाणी मानवलं म्हणायचं."

कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर ठेवून बाजूची छोटी दांडी ताणून सोडली की तो काही वेळानं आपोआप फोटो काढायचा. दांडी सोडली की मोठ्या बाई पदर खोचून डाव्या कडेकडं पळायच्या. ते पळणं बघून पोरी हसायच्या, आणि त्याच क्षणी फोटो निघायचा. इतर शाळांच्या फोटोत मुली फोटोसाठी बसलेल्या दिसतात. आमच्या सगळ्या वर्षांच्या सगळ्या मुली हसताहेत. आजही मला त्याचा अभिमान वाटतो.

आणखी एक प्रसंग सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. एका वर्षी स्नेहसंमेलनाला मोठे पाहुणे आले. मोठ्या बाईंनी बक्षिसांपासून भाषणापर्यंत सगळं टिपलं. भिंगातून बघता येत नाही, हे मघाशी सांगितलंच. भिंगावरचं झाकण तसंच राहिलं होतं आणि खिडकीत मात्र सगळं झकास दिसत होतं. रोल धुतला तर काळा. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर त्यांनी सगळ्या शाळेपुढं सांगितलं, "काल मी झाकण न काढता फोटो काढले. एकबी आला न्हाई. चूक माझी." मग ऑफिसात येऊन पाहुण्यांना फोन केला आणि तेच सांगितलं. मी म्हटलं, "रोल खराब निघाला म्हणाला असतात तरी चाललं असतं." त्या म्हणाल्या, "रोलवर ढकलू? त्याला तोंड न्हाई म्हणून?"

अशा बाईंनी एकदा खोटं केलं. शब्दानं नाही, भिंगानं.

दहावीत एक मुलगी होती. चाकूरजवळच्या गावातून सायकलनं यायची. गणितात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. अवघड गणित आलं की तिची जीभ नकळत ओठांबाहेर यायची आणि उत्तर सापडलं की आत जायची. वडील बागायतदार, घर खाऊन-पिऊन सुखी, माणूस शब्दाचा पक्का. ते आमच्या शाळा समितीवरही होते. एक दिवस ते ऑफिसात आले. मी तिथंच हजेरी तपासत बसले होते.

"बाई, एक काम होतं," ते म्हणाले. "पोरीला निलंग्याकडचं स्थळ आलंय. फोटो मागितलाय. तुमच्यावानी फोटो इकडं कोण काढत न्हाई."

मोठ्या बाईंनी पेन खाली ठेवलं. "तिचं वय किती?"

"सोळा सरलंय. लगीन कुठं आत्ता करून राहिलोय? नुसती सुपारी फोडायची. लगीन अठराव्याला, कायद्यानं."

"सुपारी फुटली की शाळा सुटते. मी बघितलंय. पोरगी इंजिनेर व्हईल."

"व्हईल की. त्यांच्या घरी जाऊन व्हईल." ते हसले, पण हटले नाहीत. "घर चांगलं हाय बाई. असं पुन्यांदा येत न्हाई."

मोठ्या बाईंनी पुष्कळ सांगून बघितलं. शेवटी त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "बरं. रविवारी येते."

मला धक्का बसला. रविवारी मी त्यांच्याबरोबर गेले, ते त्या काय करतात हे बघायलाच. नवं स्लॅबचं घर, पुढं हॉल. मुलगी नवी साडी नेसून अवघडून बसली होती. वडिलांना तिचा एकटीचा फोटो हवा होता. मोठ्या बाई म्हणाल्या, "एकटीचा कशाला? घराणं दिसू द्या." आजोबा मधे, आई-वडील शेजारी, चुलता-चुलती मागं, आणि मुलगी अगदी उजव्या टोकाला, एक पाऊल पुढं. मग त्यांनी डब्याचं खालचं पूड उघडलं. एकवीसचं काढलं. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

रंगीत रोल लातूरला धुऊन आला. आजोबा राजासारखे दिसत होते. मुलीचा जबडा रुंद, खांदा पैलवानाचा आणि गुडघ्यावर ठेवलेला हात परातीएवढा. मोबाईल तेव्हा आले होते, पण त्यांतल्या फोटोत माणूस धुक्यात उभा असल्यासारखा दिसायचा. म्हणून निलंग्याला गेला तो हाच फोटो. तिकडून निरोप आला, मुलगी थोराड दिसते, आमच्या मुलाला शोभायची नाही. बोलणी तिथंच थांबली.

मोठ्या बाई त्या दिवशी खुशीत होत्या. "मागं सरकायला जागाच ठेवली नव्हती त्यांनी," असं मला म्हणाल्या. मीही हसले. पोरगी शाळेत राहिली, आम्हाला एवढंच दिसत होतं.

पुढं काही दिवसांनी मी वर्गात निबंध वाचून दाखवत होते. ती मुलगी आता मागच्या बाकावर बसू लागली होती. पाठीला पोक काढून, खांदे आत ओढून. डबा खात नव्हती. तास संपल्यावर माझ्यामागं व्हरांड्यात आली आणि हळूच म्हणाली, "बाई, मी खरंच तशी दिसते का? घरात समदे म्हणून राहिलेत. चुलती म्हणती, आता तुला कोण करून घेणार?"

मी तिला समजावलं आणि तशीच ऑफिसात गेले. मोठ्या बाईंना तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले. त्या ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. मग कॅमेरा आणि डबा पिशवीत घातला आणि उठल्या.

"कुठं?"

"त्यांच्या घरी. चला, तुम्हाला साक्षीला नेते."

"बाई, ते समितीवर आहेत. तुमची नोकरी..."

"चला."

आम्ही पोहोचलो तेव्हा वडील नुकतेच मळ्यातून आले होते. मुलगीही शाळेतून आलेली. मोठ्या बाईंनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं, आजोबांनाही. पाण्याचा तांब्या समोर आला. त्यांनी हात लावला नाही.

"त्या फोटोत ही पोरगी जशी आली तशी ती न्हाई," त्या उभ्यानंच म्हणाल्या. "मला म्हाईत होतं असं येणार. म्हणून तिला कडेला बसवली आणि ते भिंग लावलं."

वडिलांना काही कळलं नाही. तेव्हा त्यांनी कॅमेऱ्याला तेच एकवीसचं लावलं, मागचं झाकण काढलं, तिथं बटर पेपरचा तुकडा धरला आणि भिंग उघडं ठेवलं. खोलीचं चित्र त्या कागदावर उलटं उमटलं. त्यांनी वडिलांना समोर उभं केलं आणि कॅमेरा हळूहळू बाजूला वळवला. आजोबांनी कागदात डोकावून बघितलं. मधे होता तोवर त्यांचा मुलगा नेहमीसारखाच दिसत होता. कडेला गेला तसं त्याचं डोकं भोपळ्यासारखं पसरलं. आजोबा म्हणाले, "अरारा, तुझं बी तसंच झालं की रं."

वडिलांनी स्वतः बघितलं. मग चुलतीनं बघितलं. कुणी हसलं नाही.

"म्हंजे तुम्ही आमाला फसवलं," वडील म्हणाले.

"हाव. फसवलं."

"माझ्या घरात येऊन. माझा चहा पिऊन."

"हाव. समितीत सांगा. मी न्हाई म्हणणार न्हाई. पण तुमची माफी मी नंतर मागते." त्या मुलीकडं वळल्या. तिच्यापुढं खाली सतरंजीवर बसल्या. "आधी तुझी मागायची हाय. तुझं लगीन थांबवायला मी तुझंच तोंड वापरलं. तुला इचारलं न्हाई. हे मी करायला नको होतं, बाळ."

मुलगी रडली नाही. तिनं तो बटर पेपर मागून घेतला आणि स्वतः आजोबांना मधून कडेला, कडेहून मधे आणत राहिली. तिची जीभ ओठांबाहेर आलेली मी बघितली. थोड्या वेळानं म्हणाली, "बाई, मधून जितकं लांब तितकं ताणतंय. ह्याचं गणित मांडता येईल."

वडील तिच्याकडं बघत उभे होते. मग अंगणात गेले. आत आले ते म्हणाले, "आता खरा फोटो काढा तिचा."

मोठ्या बाईंनी पन्नासचं भिंग लावलं. मुलीला दाराशी उजेडात बसवलं. शाळेचाच गणवेश, वेणी विस्कटलेली. दोन आकृत्या एक व्हायला त्यांनी त्या दिवशी फार वेळ घेतला. परतताना मी विचारलं, "बाई, हा फोटो त्यांनी निलंग्याला पाठवला तर?"

"पाठवतील."

"मग?"

"मग मी त्यांच्या दारात बसून भांडंन. तोंडानं. भिंगानं न्हाई."

समितीच्या बैठकीपर्यंत ही गोष्ट गावभर झाली होती. एका सदस्यानं विषय काढला, की मुख्याध्यापिका लोकांच्या सोयरिकी मोडतात, अशा बाईंना शाळेत ठेवायचं का? मोठ्या बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "केलं मी ते." एवढंच. सगळे मुलीच्या वडिलांकडं बघू लागले. ते जागेवरूनच बोलले, "फसवलं माझ्या घराला. बोलायचं तर मी बोलायचं. मी काय बोलून राहिलो न्हाई, तर तुमच्या पोटात कशाला दुखतंय? पुढला विषय घ्या."

पुढचा विषय पाण्याच्या टाकीचा होता. तो घेतला.

तो खरा फोटो निलंग्याला गेला नाही. का, ते वडिलांनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. मुलगी दहावीला तालुक्यात पहिली आली, मग नांदेडला शिकली, आणि आज मुदखेड जंक्शनला रेल्वेच्या सिग्नल खात्यात इंजिनिअर आहे. लग्न तिनं स्वतःच्या पसंतीनं केलं, नोकरी लागल्यावर. नांदेडहून गाडीनं जाताना मुदखेडला सिग्नल हिरवा झाला की मी डब्यातल्या अनोळखी लोकांकडं उगीचच ऐटीत बघते.

मोठ्या बाई निवृत्त होऊन देवणीला भावाकडं राहतात. डोळे अधू झालेत. तरी कॅमेरा घेऊन जनावरांच्या बाजाराला अजून जातात. मागच्या दिवाळीत भेटायला गेले, तर एका बैलाच्या तोंडापुढं हातभर अंतरावर उभ्या राहून त्याच्या मालकाशी बोलत होत्या, "लांबून काढू? लांबून तर कसाई बी बघतो." मालक त्यांच्या बाजूनं झाला होता आणि बैलही.

यंदा लातूरच्या आडत बाजारात ते वडील भेटले. केस पार पांढरे. सोयाबीन घेऊन आले होते. मला ओळखलं, चहा घ्यायलाच लावला.

"मोठ्या बाई कशा हायत?" त्यांनी विचारलं.

"बऱ्या आहेत. तुमची आठवण काढतात."

ते बशीत चहा ओतत म्हणाले, "आमच्या घरी आमदार येऊन गेले, साहेब लोक येऊन गेले. समद्यांनी आमचंच कायतरी चुकलं म्हणून सांगितलं. माझं चुकलं असं म्हणत दारात आलेलं शिकलेलं माणूस म्हंजे त्या एकट्या." बशी तोंडाला लावली, खाली ठेवली. "तवा वाटलं, शिकून असं व्हत असंल तर आपली पोरगी बी शिकू द्यावी."

मी त्यांचा निरोप घेऊन स्टँडवर आले. बसमध्ये शेजारी एक तरुण बाई बसली, बोलकी होती. "तुम्ही नोकरी करत होता का?" तिनं विचारलं.

"होते की," मी म्हटलं. "शिक्षिका होते. चाकूरला." आणि तिनं विचारलं नव्हतं तरी कुणाच्या हाताखाली होते, तेही सांगितलं.